चिठ्ठीवरची ‘बीडी’

सोलापूरच्या पूर्व भागात एकतीस वर्षं माझं मेडिकल होतं. गुडघे गेले, मुलाला दुकानात रस नव्हता, म्हणून शेवटी शटर ओढलं. त्यानंतर दोनेक महिन्यांनी एक ताई घरी आल्या. विडी कामगार बायकांमध्ये काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या त्या कार्यकर्त्या. बचत गट, पेन्शनचे फॉर्म, पोरींच्या शिष्यवृत्त्या असं सगळं त्या बघायच्या. म्हणाल्या, ‘‘अण्णा, बायकांच्या घरात गोळ्यांचा ढीग आहे आणि कुठली कशाची ते कुणालाच धड माहीत नाही. तुम्ही याल का सांगायला?’’ मला वाटलं, तासाभराचं काम आहे. जाऊन येऊ.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. समाजमंदिरात तीसेक बायका बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली तेंदूची पानं आणि दोऱ्याची रिळं. बोलायला सुरुवात केली तरी कुणाचे हात थांबेनात. खरं सांगतो, मला राग आला होता. पण विडीची मजुरी हजारावर मिळते. माझ्या भाषणाचे पैसे त्यांना कोण देणार होतं? हे डोक्यात यायला मला आठवडा लागला.

पाऊण तास बोललो. मधुमेह म्हणजे काय, रक्तदाब १४०/९०च्या वर गेला तर काय, गोळ्या मध्येच बंद का करायच्या नाहीत, अँटिबायोटिकचा कोर्स पुरा का करायचा. बायका माना डोलवत होत्या. मी खूश. मग ताई उठल्या आणि पुढच्या बाईला म्हणाल्या, ‘‘अक्का, माझी शेजारीण आज आली नाही. तिला काय सांगू? अण्णा काय म्हणाले ते तुम्हीच मला सांगा.’’

अक्कांनी विडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणाल्या, ‘‘गोळ्या टायमावर घ्या म्हणले.’’

‘‘अजून?’’

‘‘टायमावरच घ्या म्हणले.’’

सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण कान तापले होते. परत येताना ताई म्हणाल्या, ‘‘वाईट वाटून घेऊ नका. ती परीक्षा अक्कांची नव्हती.’’ कुणाची होती ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ताई पूर्वी जामखेडला काही दिवस शिकून आल्या होत्या. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्याने तिथे १९७०मध्ये काम सुरू केलं आणि खेड्यातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. ही गोष्ट ताई येता-जाता सांगायच्या. मी डी. फार्म., म्हणजे औषधशास्त्राची पदविका झालेला माणूस. माझ्या मनात यायचं, निरक्षर बाईला औषध शिकवायचं म्हणजे गोष्टीतच शोभणारं. पुढे माझं काय झालं ते सांगतोच.

दुसऱ्या वेळी ताईंनी मला बोलूच दिलं नाही. आधी सगळ्यांना निरोप पाठवला होता : घरात जेवढ्या गोळ्या, बाटल्या, चिठ्ठ्या, रिपोर्ट असतील ते सगळं पिशवीत भरून आणा. चटई टाकली आणि एकेकीने आपापली पिशवी आपल्यासमोर रिकामी केली.

काय काय निघालं! गरोदरपणी मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्यांची अख्खी पाकिटं, एकही न फोडलेली. ‘‘काळी होती की ओ संडास. पोटात रक्त झालं वाटलं.’’ लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं आणि त्यात काही बिघडत नाही, हे एक वाक्य गोळी देताना कुणी बोललं असतं तर ती पाकिटं उघडली गेली असती. लहान पोराच्या तापाचे थेंब आणि तापाचं पातळ औषध, दोन्ही एकाच रंगाच्या खोक्यात. थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, तर साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५. म्हणजे थेंबांचं औषध जर चमचाभर पाजलं तर लेकराच्या पोटात चौपट जातं. ते आणणारी आजी म्हणाली, ‘‘दोन्ही तापाचंच नव्हं?’’ मी तिच्या हातातला चमचा बघितला. घरातला, वरणाचा. त्या दिवशी आम्ही घरोघरीचे चमचे मागवून पाण्याने मापून पाहिले. एकाही चमच्याचं माप दुसऱ्याशी जुळलं नाही.

एका बाईच्या पिशवीत इन्सुलिनची बाटली होती. शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवायची, आणि चांगलं गार राहावं म्हणून बर्फाच्या कप्प्यात. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ‘थंड जागी ठेवा’ एवढंच सांगितलेलं. ती थंड जागी ठेवत होती.

पण त्या चटईवर मला सगळ्यात जास्त बोचलं ते वेगळंच. कापलेल्या पट्ट्या. दहा गोळ्यांच्या पट्टीतल्या चार गोळ्या, तीन गोळ्या, एक गोळी. नाव अर्धं आणि तारखेचा पत्ताच नाही. बाई विचारत होती, ‘‘अण्णा, ही कशाची?’’ आणि मी, एकतीस वर्षं औषधं विकलेला माणूस, उलटसुलट करून बघत होतो. सांगता येईना. पट्टीवर मुदत छापलेली असते ती एका कडेला. आम्हा दुकानदारांना शिकवलेलं असतं, की कापताना दुसऱ्या बाजूने कापायचं, म्हणजे तारीख आणि बॅच नंबर दुकानात शेवटपर्यंत राहतो. दुकानाच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर. गिऱ्हाइकाच्या हातात मात्र बिननावाच्या चार गोळ्या जातात. एका बाईच्या पिशवीतून जुनं कागदी पाकीट निघालं, त्यावर ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहिलेलं. अक्षर माझं होतं. औषधाचं नाव मी लिहिलेलं नव्हतं. कधीच लिहीत नव्हतो.

मग त्या पाकिटावर बोट ठेवून मीच सांगितलं, की हे माझंच काम आहे. एक बाई लगेच म्हणाली, ‘‘होय की. पाच रुपये सुट्टे नाहीत म्हणून तुम्ही चॉकलेट पण द्यायचात.’’

त्यानंतरच्या दोन-चार बैठकांमध्ये एक बाई आली. पन्नाशीच्या आसपास, शुगरची. सांगत होती की गोळी वेळेवर घेते, तरी शुगर उतरत नाही. डॉक्टरांनी वैतागून आणखी एक गोळी वाढवून दिली. मी चिठ्ठी मागितली. मेटफॉर्मिन ५००, आणि पुढे इंग्रजीत दोन अक्षरं : बी आणि डी. आमच्या धंद्यात बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. ओडी म्हणजे एकदा, टीडीएस म्हणजे तीनदा. लॅटिनमधून आलेली लघुरूपं. आपल्याकडे अशीच लिहितात.

‘‘रोज किती घेता?’’

‘‘एक. सकाळची.’’

‘‘इथे दोनदा लिहिलंय.’’

‘‘कुठं लिहिलंय?’’

मी अक्षरांवर बोट ठेवलं. ती म्हणाली, ‘‘ते नव्हं. ते माझ्या कामाचं लिहिलंय. माझी पोरगी वाचली मला : बीडी. डॉक्टरनी विचारलं होतं ना, काय काम करता म्हणून.’’

सातवीत शिकणाऱ्या मुलीने अगदी बरोबर वाचलं होतं. जिच्या घरात आजीपासून सगळ्या विड्या वळतात, त्या मुलीने ‘बीडी’ या दोन अक्षरांचा दुसरा काय अर्थ लावायचा? नंतर ही गोष्ट गटागटांतून फिरली. कुणाला चिठ्ठी मिळाली की बायका एकमेकींना विचारायच्या, ‘‘डॉक्टरनी विडी लिहून दिली का गं?’’ चेष्टेचेष्टेत ‘विडी म्हणजे दोनदा’ पाठ झालं. माझ्या सगळ्या तक्त्यांना जे जमलं नव्हतं ते एका विनोदाने केलं. त्या बाईला डॉक्टरांकडे परत पाठवलं. दोनदा घ्यायची गोळी एकदाच घेत होते, हे तिने स्वतः त्यांना सांगायचं, एवढीच आम्ही तयारी करून घेतली. वाढवलेली गोळी ठेवायची का काढायची ते त्यांनी ठरवायचं. इथे मला हात आवरावा लागायचा. दुकानात असताना ‘ही घ्या, ती सोडा’ सांगायची सवय लागलेली असते आणि ती वाईट सवय असते.

आणखी एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यातून आमची शिकवण्याची रीत ठरली. एका बाईचे पाय सुजायचे. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईचे पाय सुजले तर कोण कशाला दुसरं कारण शोधेल? तिला सूज उतरायला लघवीची गोळी मिळाली होती. पिशवी ओतली तेव्हा बीपीच्या दोन पट्ट्या दिसल्या. एक सरकारी दवाखान्यातली, पांढरी, साधी. दुसरी खासगी डॉक्टरांनी लिहून दिलेली, चकचकीत, वेगळ्या नावाची. ती दोन्ही घ्यायची, कारण दोन्ही वेगळी. पट्टीवर कंपनीने ठेवलेल्या नावाजवळ मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं. दोन्हींवर एकच होतं : अम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. म्हणजे डोस दुप्पट. आणि अम्लोडिपिनचा ठरलेला त्रास कुठला, तर घोट्यांवर सूज.

मी ते सांगणार तेवढ्यात ताईंनी मला खुणेने थांबवलं. त्यांनी दोन्ही पट्ट्या बायकांमध्ये फिरवल्या आणि म्हणाल्या, ‘‘मोठं नाव सोडा. त्याच्याजवळचं नाव बघा. दोन्हीवरचं अक्षराला अक्षर जुळतंय का?’’ इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. पण पत्र्याच्या मापावर ठेवून दिवसभर पानं कापणाऱ्या बायका त्या. पान सुतभर कमी भरलं तरी त्यांच्या बोटांना कळतं. एकीने चष्मा पुसला, दोन पट्ट्या शेजारी धरल्या आणि एकेका अक्षरावर नख ठेवत गेली. ‘‘हे तेच. हे तेच. हे पण तेच.’’ शेवटी मान वर करून म्हणाली, ‘‘अगं, हे दोन्ही एकच हाय!’’

वाचता येत नाही म्हणजे जुळवता येत नाही असं थोडंच आहे? माझं सगळं शिक्षण नावं पाठ करण्यात गेलं, म्हणून मला हे सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून ‘नाव जुळवा’ हा खेळच झाला. बाकीच्या खुणा पण तशाच शिकवल्या. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. अँटिबायोटिकसाठी या रेघेची मोहीम सरकारने २०१६मध्ये चालवली होती, पण आमच्या तीस बायकांपैकी एकीनेही त्याबद्दल ऐकलेलं नव्हतं. मुदतीचा महिना लिहिलेला असतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. हे त्यांना पटकन समजलं, कारण भिशीचे हप्तेही महिनाअखेरच असतात.

सुजलेल्या पायांच्या बाईबरोबर आम्ही दोन्ही पट्ट्या आणि एक कागद दिला. डॉक्टरांनी एक बंद केली, पुढे लघवीची गोळीही बंद केली. पाय उतरले. विड्या वळणं अर्थातच बंद झालं नाही.

भाषेचा घोळ वेगळाच. या भागातल्या बऱ्याच बायका पद्मशाली समाजातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. मराठी बाहेरची, बाजारातली. एका छापील पत्रकात वाक्य होतं, ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधाची मात्रा बदलू नये.’ मी ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं, अभिमानाने. पण तेलुगूत ‘मात्र’ या शब्दाचा अर्थ गोळी. एका बाईने मनाशी घेतलं, की गोळी बदलायची नाही. पुढच्या महिन्यात दुकानदाराने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं, गुलाबीच्या जागी पांढरं. तिने ते परत केलं आणि आठ दिवस बीपीच्या गोळीशिवाय काढले. चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं. तिकडे एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेणारी बाई, इकडे रंग बदलला म्हणून सोडून देणारी. पुस्तकी मराठी मी त्यानंतर सोडलीच. सगळं आधी दोन तेलुगू बोलणाऱ्या अक्कांना ऐकवायचं. त्या आपसात बोलून ते परत मराठीत मला सांगणार, आणि मी सांगितलेलं नि परत आलेलं जुळलं तरच पुढे जायचं. अर्ध्या वेळा जुळायचं नाही.

गोळी कधी घ्यायची याचं चित्र आम्ही तीनदा बदललं. आधी सूर्य, अर्धा सूर्य, चंद्र काढला. सकाळचा सूर्य आणि दुपारचा सूर्य यांत फरक कळेना. मग घड्याळ काढलं; काटे वाचणाऱ्या कमी. ‘नाश्त्यानंतर’ असं सांगितलं तर एक जण म्हणाली, ‘‘नाश्ता कुणाच्या घरी असतो?’’ सकाळी चहा, मग आदल्या दिवशीच्या विड्या कारखान्यात जमा करायला पळायचं, तिथे चेकर किती बाद करतो ते बघायचं, परत येऊन अकरा-साडेअकराला भाकरी. शुगरची जी गोळी जेवणाबरोबर घ्यायची, ती या बायका रिकाम्या पोटी चहाबरोबर घेत होत्या आणि पोटात ढवळतं म्हणून सोडत होत्या.

तेव्हा एका अक्कानेच तोडगा काढला. सोलापुरात टॉवेलच्या तुकड्यांना तोटा नाही. तिने टॉवेलच्या कापडाची तीन खिशांची पिशवी शिवली आणि खिशांवर दोऱ्याने टाके घातले : कपबशी, ताट, उशी. चहाच्या गोळ्या, ताटाच्या गोळ्या, उशीच्या गोळ्या. दोन गोष्टी मात्र हट्टाने सांगाव्या लागल्या. गोळ्या पट्टीतच ठेवायच्या, सुट्या करायच्या नाहीत, कारण आमच्या मे महिन्यात कौलाखाली सुट्या गोळ्यांचं काय होईल सांगता येत नाही. आणि पिशवी उंच खिळ्याला, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी. पहिल्याच महिन्यात एका घरात नातवाने उशीच्या खिशातल्या दोन गोळ्या खाल्ल्या होत्या. दवाखान्यात न्यावं लागलं, पोरगं वाचलं, पण तो खिळा आता सगळ्या घरांत छातीच्या वर असतो.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे डॉक्टरांसमोर तोंड उघडणं. त्यासाठी ताईंनी नाटक बसवलं. डॉक्टर झालेल्या अक्काने खुर्ची ओढली, समोर बघितलंच नाही, हवेत पेन फिरवलं आणि घंटी वाजवून ‘‘नेक्स्ट!’’ म्हणाली. बायका पोट धरून हसल्या. पेशंट झालेलीने विचारायचे तीन प्रश्न ठरले होते : ही गोळी कशाची? किती दिवस? एखाद्या दिवशी विसरले तर काय करू? नाटकात सगळ्या वाघिणी. खऱ्या दवाखान्यात पहिल्या महिन्यात फक्त दोघींनी विचारलं. एकीला डॉक्टरांनी नीट सांगितलं, कागदावर चित्र काढून. दुसरीला उत्तर मिळालं, ‘‘मेडिकलवाल्याला विचारा.’’ ती परत येऊन मला म्हणाली, ‘‘आणि तुम्ही दुकानात काय म्हणायचात, आठवतंय का? डॉक्टरला विचारा म्हणायचात.’’

म्हणायचो. काउंटरवर गर्दी असायची. बाईच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघायचो, बाईकडे नाही. संस्थेच्या कामाबद्दल लोक मला विचारतात की आता बायका किती शिकल्या. कितीजणी शिकल्या ते ताईंच्या वहीत असेल. मला एवढंच दिसतं, की चटईवर बसल्यापासून मी पट्टी हातात घेतली की आधी ती फिरवून बघतो : नाव शिल्लक आहे का, तारीख शिल्लक आहे का.

परवा माझ्याच बीपीच्या गोळ्या आणायला चौकातल्या दुकानात गेलो होतो. पुढे ती नखाने अक्षरं जुळवणारी अक्का उभी. पाच गोळ्या हव्या होत्या; पूर्ण पट्टीचे पैसे नव्हते. काउंटरवरच्या पोराने सवयीने कात्री उचलली.

‘‘तिकडून नको,’’ अक्का म्हणाली. ‘‘तारीख हाय त्या बाजूच्या पाच दे मला.’’

पोरगा गोंधळला. ‘‘अहो, मग राहिलेल्या पाचवर काय राहणार? पुढच्या गिऱ्हाइकाला काय देऊ?’’

अक्काने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पोरानेही पाहिलं, त्याला माहीत होतं, मी जुना दुकानदार. मी म्हटलं, पाकिटावर लिहून दे. औषधाचं नाव, तारीख, कधी घ्यायची ते.

पोराने खिशातून पेन काढलं. मग काउंटरखाली शोधलं. कागदी पाकिटं केव्हाच संपली होती, आता गुळगुळीत प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या देतात. त्याने पिशवीवर लिहिलं, अक्काने अंगठा फिरवला आणि शाई पुसून अंगठ्याला लागली.